गाळ कोणाचा?

पवित्र शास्त्रातील जलप्रलयाची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस कोसळला, तारू पाण्यावर तरंगत राहिले, कबुतर जैतुनाचे पान चोचीत घेऊन परतले, पाणी ओसरले, नोहाने वेदी बांधून अर्पण केले आणि आकाशात धनुष्य उमटले. प्रवचनपीठावरून ही कथा मी अनेक वेळा सांगितली आहे. परंतु पाणी ओसरल्यानंतर पृथ्वीवर जो चिखल उरला असेल, त्यात जी मोडकी दारे, मेलेली गुरे आणि माणसांची भांडीकुंडी रुतून बसली असतील, ती कोणी उपसली याविषयी उत्पत्तीच्या ग्रंथात एक अक्षरही नाही. ग्रंथकर्त्याचा हेतू वेगळा होता, हे मान्य. तथापि ज्याने पुरानंतरचे गाव डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्या मनात हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. पूर काही तासांचा असतो. गाळ महिनोन्महिने राहतो. पुराच्या वेळी माणूस जीव वाचवण्यासाठी धावतो, तेव्हा त्याला विचार करायला सवड नसते. नीतीचे खरे प्रश्न सुरू होतात ते पाणी ओसरल्यावर, गुडघाभर चिखलात उभे असताना.

आमच्या वरूडकडच्या लोकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मध्य प्रदेशातील मुलताईच्या परिसरात उगम पावणारी वर्धा नदी या भागात अमरावती आणि नागपूर या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. पलीकडच्या अंगाला नरखेड तालुक्यातले मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या महापुराने हे गाव उद्ध्वस्त केले. २०४ माणसे मृत्युमुखी पडली. किती घरे गेली आणि किती गुरे वाहून गेली, याची गणती करण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नव्हते. पुढे गावाचे पुनर्वसन उंचावरच्या जागेत झाले. आजही दरवर्षी ३० जुलैला मोवाडकर आपल्या मृतांना आदरांजली वाहतात.

मी तेव्हा नागपुरात सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो. वय एकवीस वर्षांचे. त्या सत्रात आम्हाला नेमका दुःखाचा प्रश्न शिकवला जात होता. परमेश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असताना निरपराधांवर संकट का यावे, या विषयावर वर्गात मोठ्या हिरिरीने वाद होत. पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांत आम्ही काही विद्यार्थी फावडी व घमेली घेऊन मोवाडला गेलो, आणि वर्गातले सगळे वाद तेथे मुके झाले. लूकच्या शुभवर्तमानात सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच उपस्थित केला आणि त्याला ठाम नकार दिला. मात्र मग ती का मेली, हे त्याने सांगितले नाही. ऐकणाऱ्यांचे लक्ष त्याने त्यांच्या स्वतःच्या आयुष्याकडे वळवले. त्या अर्धवट वाटणाऱ्या उत्तराचा अर्थ मला मोवाडच्या चिखलात थोडा थोडा कळू लागला.

आम्हाला एक घर साफ करायला दिले होते. भिंती निम्म्या पडलेल्या, आत मांडीपर्यंत गाळ. आम्ही तरुण होतो, जोशात होतो. संध्याकाळपर्यंत घर मोकळे करायचेच, अशी जणू शर्यत लागली होती. फावड्याने उचलायचे, घमेल्यात भरायचे, बाहेरच्या ढिगावर फेकायचे. एका कोनाड्याखाली चिखलाने माखलेले एक गाठोडे माझ्या हाती लागले. कुजलेल्या कापडाचा वास येत होता. मी ते न सोडता ढिगावर टाकले. दुपारी ट्रॅक्टर येऊन तो ढीग गावाबाहेर घेऊन गेला.

संध्याकाळी घरमालक आला. साठी उलटलेला माणूस. नातेवाइकांकडे आसऱ्याला गेला होता. तो सरळ त्या कोनाड्याकडे गेला, वाकला, हाताने चाचपू लागला. त्या गाठोड्यात रेशन कार्ड, शेताचे कागद आणि घरातल्या माणसांची नावे असलेले आणखी काही दाखले होते. आपण कोण, आपले कोण गेले, आपले काय गेले, हे सिद्ध करण्यासाठी त्याच्यापाशी तेवढाच पुरावा होता. कागद भिजलेले असणार. पण भिजलेला कागद वाळवता येतो, फेकलेला येत नाही. मी घडले ते सांगितले. मला वाटले, तो रागावेल. तो रागावला नाही. क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमी आले, हेच लय हाय. पन फेकाच्या आंधी इचारा लागत होतं, बाबू." दुसऱ्या दिवशी तो गावाबाहेरच्या ढिगात काठीने उकरताना दिसला. मीही त्याच्यासोबत दोन तास उकरले. गाठोडे सापडले नाही. नंतर आमची तुकडी परत नागपूरला आली. त्याचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही, आणि खरे सांगायचे तर कळून घेण्याचा प्रयत्नही मी पुरेसा केला नाही.

पुढे प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मी ही गोष्ट कबूल केली. वृद्ध धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की यात पाप नाही. तुला ठाऊक नव्हते, तुझा हेतूही वाईट नव्हता. मला हायसे वाटले. पण मी उठणार तोच त्यांनी विचारले, "त्या माणसाचे कागद पुन्हा करून द्यायला तू काय केलेस?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या एका प्रश्नाने मला नीतिशास्त्रातला जो भेद शिकवला, तो पुढे कोणत्याही ग्रंथात मला इतका स्पष्ट दिसला नाही. दोष वेगळा आणि दायित्व वेगळे. दोष हा ज्ञान आणि हेतू यांवर अवलंबून असतो. दायित्व त्यांच्यावाचूनही अंगावर येऊ शकते. आपण दोषमुक्त ठरलो म्हणजे मोकळे झालो, असे आपण समजतो. वस्तुतः तेथेच आपले काम सुरू होते.

नदीतला पुराचा गाळ उपसणाऱ्या स्वयंसेवकांचा विचार करताना मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. कारण या कामाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा गाळ कोणाचा? या प्रश्नाची मला तीन उत्तरे सुचतात.

पहिले उत्तर असे की हा गाळ कोणाचा तरी आहे. आपल्याला जो कचरा दिसतो, तो काही दिवसांपूर्वी कोणाचा तरी संसार होता. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ चिखलात बुडाले. देशोदेशीचे तरुण तेथे जमले आणि हातोहात साखळी करून त्यांनी ते ग्रंथ तळघरांतून वर काढले. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. त्याच पुरात सांता क्रोचे येथील चिमाबुए या चित्रकाराचा प्राचीन क्रूस पाण्यात सापडला व त्यावरील रंगाचा मोठा भाग निघून गेला. तेव्हा गाळ सरसकट बाहेर न फेकता त्यातून रंगाचे कण वेचण्याचा प्रयत्न झाला. सातशे वर्षे जुन्या क्रूसासाठी माणसे चिखलात कण शोधतात, याचे आपल्याला कौतुक वाटते, आणि ते रास्तच आहे. मग मोवाडच्या त्या शेतकऱ्याच्या गाठोड्यासाठी मी दोन मिनिटे का थांबलो नाही? कारण ते गरिबाचे होते आणि गरिबाची वस्तू आपल्याला फार लवकर कचऱ्यासारखी दिसू लागते. सेवा करणाऱ्याचा हा सूक्ष्म उद्दामपणा आहे. आपण मदतीला आलो आहोत, म्हणून काय ठेवायचे आणि काय फेकायचे हे आपणच ठरवावे, असे त्याला वाटते. विचारल्याशिवाय केलेल्या दयेत माणूस वाचतो, पण त्याचा मान वाचतोच असे नाही.

दुसरे उत्तर अधिक अडचणीचे आहे. हा गाळ आपलाच आहे. सातपुड्याच्या बाजूने येणारी चुडामण नदी वरूड शहरातून वाहते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहवत नाही, आणि पावसाळ्यात तिच्या पाण्याकडे पाहण्याचे धाडस होत नाही. पावसाळा सरल्यावर एका सकाळी दहा-बारा तरुणांबरोबर मी अशाच एका पात्रात उतरलो होतो. बाभळीच्या झुडपांना अडकून राहिलेला तो सगळा पसारा आम्ही विळ्यांनी सोडवत होतो. त्यात पऱ्हाट्या होत्या, तुरीच्या तुराट्या होत्या, वाहून आलेल्या फांद्या होत्या. हा नदीचा स्वाभाविक गाळ. पण त्यांना गुंडाळून बसल्या होत्या त्या पन्न्या. खर्ऱ्याच्या पन्न्या, दुधाच्या पिशव्या, खताच्या गोणपाटांचे धागे, संत्र्याच्या बागेतल्या ठिबकच्या तुटक्या नळ्या, फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे. पूर या वस्तू निर्माण करत नाही. आपण वर्षभर नाल्यात टाकतो ते तो एका रात्रीत गोळा करतो आणि आपल्याच पुलाखाली आणून ठेवतो. पुलाची कमान तुंबते, पाणी फुगते, आणि काठावरच्या वस्तीत शिरते. काठावर राहते कोण? ज्याला दुसरी जागा परवडत नाही तो.

एका मुलाने झुडपातून थर्माकोलचे एक चक्र ओढून काढले. त्यावर प्लास्टिकची फुले आणि अर्धवट पुसलेली अक्षरे होती. आमच्याच दफनभूमीतले पुष्पचक्र. २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मोठ्या श्रद्धेने जे वाहतो, त्यातले काही महिन्यांनी नदीत जाते. इतरांच्या निर्माल्याविषयी मी काही वेळा टीकेने बोललो आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या लाउदातो सी या विश्वपत्रात पृथ्वीला आपणा सर्वांचे सामायिक घर म्हटले आहे. सामायिक घर ही कल्पना ऐकायला गोड आहे. मात्र तिचा एक अर्थ असाही आहे की या घरात आपण फेकलेली कोणतीही वस्तू बाहेर जात नाही. ती फक्त दुसऱ्याच्या खोलीत जाते.

तिसरे उत्तर असे की हा गाळ कोणाचाच नाही. पात्रातून निघालेल्या शंभर वस्तूंपैकी दहांचा मालक सांगता येईल. नव्वदांचा येणार नाही. वरच्या कोणत्या गावाने काय सोडले, याचा हिशेब नदी ठेवत नाही. येथे न्यायाची नेहमीची तराजू चालत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची अढळ इच्छा. पण ज्याचे त्याला हे ठरवण्यासाठी तो सापडायला हवा. तो सापडत नाही तेव्हा काय करायचे? बहुतेक वेळा आपण म्हणतो, ज्याचे असेल तो उचलेल. आणि गाळ तेथेच राहतो.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला मला येथे नव्याने वाचावासा वाटतो. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या माणसाला शोमरोन्याने मारलेले नव्हते. याजकाने किंवा लेव्यानेही मारलेले नव्हते. तिघेही निर्दोष होते. दोषाची चौकशी केली असती, तर तिघेही सारख्याच सन्मानाने सुटले असते. फरक एवढाच पडला की दोघांनी आपल्या निर्दोषपणाला पुरेसे मानले आणि तिसऱ्याने मानले नाही. प्रभूने त्या जखमांचा कर्ता शोधला नाही. त्या माणसाचा शेजारी कोण झाला, एवढेच विचारले. जेथे मालक सापडत नाही, तेथे जो समोर उभा आहे त्याच्यापर्यंत दायित्व येऊन पोहोचते. मोवाडहून परतल्यावर त्या धर्मगुरूंनी मला विचारलेला प्रश्न हाच होता.

या ठिकाणी श्रमदानातला एक फरकही ध्यानात घ्यावा. वरूड तालुक्याला श्रमदान नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ही कर्मभूमी. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी महाराष्ट्रातील जे तीन तालुके निवडले गेले, त्यांत कोरेगाव व अंबाजोगाई यांच्याबरोबर वरूड होता. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात असलेल्या या तालुक्यात गावकऱ्यांनी उन्हातान्हात चर खणले. ते काम थोर होते. पण त्याचे फळ खणणाऱ्याच्या विहिरीत उतरणार होते. नदीतल्या गाळाचे तसे नाही. आपण उपसतो तो वरच्यांचा, आणि आपल्या श्रमाचे सुख बव्हंशी खालच्यांना. ज्यांनी घाण केली त्यांना आपण ओळखत नाही, ज्यांना स्वच्छ पाणी मिळेल तेही आपल्याला ओळखणार नाहीत. दान कसे असावे याविषयी डोंगरावरील प्रवचनात सांगितलेली कसोटी, म्हणजे उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ती येथे नदी स्वतःच पाळायला लावते.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो मला एका सुशिक्षित तरुणाने घेतला होता. तो म्हणाला, "फादर, नाले साफ ठेवणे हे ज्यांचे काम आहे, ज्यांच्यासाठी आपण कर भरतो, त्यांचे काम आपण फुकट केले तर ते कधीच करणार नाहीत. तुमची दया त्यांच्या आळसावर पांघरूण घालते." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सामान्य प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात हाच इशारा आहे: न्यायाने जे देणे लागते, ते दयेची भेट म्हणून देऊ नये, आणि दुःखाचे केवळ परिणाम नव्हे, तर कारणेही दूर करावीत. पूररेषेच्या आत घरे का उभी राहतात, पात्र अरुंद कोण करते, पावसाळ्यापूर्वी नाले मोकळे का होत नाहीत, हे प्रश्न फावड्याने सुटणारे नाहीत.

पण म्हणून फावडे खाली ठेवावे, असे मात्र त्यातून निघत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या दिवसांत हजारो तरुण खांद्यावर झाडू आणि फावडी घेऊन पायी पूल ओलांडून चिखलात बुडालेल्या गावांकडे गेले. काही दिवसांतच त्याच शहरात लोकांचे प्रचंड मोर्चे निघाले आणि इशारा वेळेवर का मिळाला नाही, याचा जाब राज्यकर्त्यांना विचारण्यात आला. उपसणे आणि विचारणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. किंबहुना ज्याने गाळ उपसला आहे, त्याच्या प्रश्नाला वेगळे वजन येते. पूल कोठे तुंबला, कोणत्या पाइपातून घाण येते, हे त्याला ठाऊक असते. काठावर उभे राहून केलेली टीका आणि पात्रातून वर येऊन दिलेले निवेदन यांत फार अंतर आहे. पहिल्यात फक्त दोष दाखवलेला असतो. दुसऱ्यात दायित्व घेतलेले असते.

आणखी एक बोच मनात राहते, ती सांगितली पाहिजे. आम्ही त्या सकाळी तीन तास काम केले, फोटो काढले, घरी जाऊन साबणाने आंघोळ केली आणि दोन दिवस लोकांकडून शाबासकी घेतली. हेच काम वर्षाचे बाराही महिने जे सफाई कामगार करतात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही. आपल्या समाजात हे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्या कपाळी मारले गेले. आपल्या श्रमाला सन्मान मिळतो, कारण आपल्याला ते कधीही थांबवता येते. त्यांना थांबवता येत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला तुच्छता. एकाच कामाला दोन किमती का असाव्यात? या प्रश्नाचे उत्तर आमच्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या एका माणसाने आपल्या आयुष्याने दिले. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हाती घेत, गाव झाडून काढत, आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. जेवणाआधी काम, असा त्यांचा शिरस्ता होता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तोवर हा क्रम सुटला नाही. झाडणे हे त्यांच्यासाठी एका दिवसाचे अभियान नव्हते. स्वयंसेवकाची कसोटी मला येथे दिसते. नदीतून वर आल्यावर गल्लीतल्या सफाई कामगाराकडे त्याची नजर बदलली काय, त्याच्या हातमोज्यांविषयी, वेळेवर मिळणाऱ्या वेतनाविषयी तो बोलू लागला काय? नसेल, तर त्याने नदी स्वच्छ केली, एवढेच म्हणता येईल.

त्या सकाळनंतर आमच्या धर्मग्रामात आम्ही तीन साधे निर्णय घेतले. पहिला, दफनभूमीत थर्माकोल आणि प्लास्टिकची पुष्पचक्रे न्यायची नाहीत. खरी फुले न्यायची, नाहीतर नुसती मेणबत्ती. दुसरा, पूर आल्यावर नव्हे, तर मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी नाल्यात उतरायचे, आणि उतरण्याआधी नगरपरिषदेला लेखी निवेदन द्यायचे. तिसरा निर्णय माझ्या आग्रहावरून झाला. पात्रात काही पेटी, डबा, गाठोडे, कागद असे सापडले तर ते फेकायचे नाही. बाजूला काठावर वाळत ठेवायचे आणि वस्तीत जाऊन विचारायचे. तरुणांना तो थोडा विचित्र वाटला. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळविषयी मी त्यांना सांगितले, तेव्हा कोणी काही बोलले नाही.

मोवाडच्या त्या गृहस्थाचे देणे मी फेडू शकलेलो नाही, आणि आता ते फेडता येईल असे वाटत नाही. दर ३० जुलैला पवित्र मिस्सामध्ये मी त्या २०४ जणांसाठी प्रार्थना करतो, आणि त्याच्यासाठीही. त्याने मला क्षमा केली होती, हे मला ठाऊक आहे. पण क्षमा मिळाल्याने काम संपत नाही. या वर्षीही मे महिन्यात आम्ही नाल्यात उतरलो. काठावर वाळत घातलेल्या वस्तूंत स्टीलचा एक डबा आणि शाळेचे एक दप्तर होते. डब्याचा मालक मिळाला नाही. दप्तराचा मिळाला.